पत्ता : मार्फत

संरक्षणमंत्री आणि लखनऊचे खासदार श्री. राजनाथ सिंह यांना खुले पत्र

माननीय राजनाथ सिंहजी,



सुरुवातीलाच सांगते, मी आपली मतदार नाही. राहते आपल्याच मतदारसंघात, लखनऊ छावणीत. भाजी सदर बाजारातून आणते, मुलाच्या वह्या आर. ए. बाजारातून. पण माझं नाव सातारा जिल्ह्यातल्या सासरच्या गावी, सेवा मतदारांच्या यादीत आहे. फौजी माणसाला गावाकडचं मत राखता येतं आणि त्याच्याबरोबर राहणाऱ्या बायकोलाही. २०२१ साली कायद्यातला ‘बायको’ हा शब्द काढून ‘जोडीदार’ घातला, त्यामुळे महिला अधिकाऱ्यांच्या नवऱ्यांचीही सोय झाली. चांगलं झालं. सांगायचं एवढंच, की या पत्रामागे मताचा हिशेब नाही.

तरी आपल्याशी माझी तीन नाती लागतात. आपण लखनऊचे खासदार, आपण मिस्टरांच्या खात्याचे मंत्री, आणि ज्या क्वार्टरमध्ये बसून मी हे लिहिते आहे त्याच्या भिंती आपल्याच मंत्रालयाच्या, म्हणजे घरमालकही आपणच. तिन्ही नात्यांनी माझं गाऱ्हाणं एकच आहे. माझ्या कामाला पत्ता नाही.

आमच्या पलंगाखाली एक काळी लोखंडी पेटी आहे. फौजेतल्या प्रत्येक घरात असते. तिच्यावर पांढऱ्या रंगाने नंबर, हुद्दा, नाव आणि युनिट लिहिलेलं असतं आणि दर बदलीला जुन्या युनिटवर काळा हात मारून नवं लिहितात. आमच्या पेटीवर उजेड तिरपा पडला की खालचं पठाणकोट दिसतं, त्याच्याखालचं पुणेही अंधुक दिसतं. मिस्टर वैद्यकीय कोअरमध्ये, हवालदार, नर्सिंग असिस्टंट. पुण्याला असताना मी एका करसल्लागाराच्या कचेरीत नोकरीला होते, बी.कॉम.चा उपयोग होत होता. पठाणकोटची बदली आली, राजीनामा दिला. पठाणकोटला एका दुकानाचे हिशेब लिहिले, लखनऊची ऑर्डर आली, तेही सोडलं. शाळेत शिकवायचं तर बी.एड. हवं. ते करायला बसावं तर दोन वर्षं एका गावी राहायची खात्री हवी. फौजीच्या बायकोचा बायोडाटा बघितला की मुलाखत घेणारा पहिल्यांदा नवऱ्याच्या पोस्टिंगची तारीख विचारतो. त्याचंही बरोबरच असतं म्हणा.

म्हणून मी असं काम शोधलं, जे पेटीत घालून नेता येईल.

मी व्हर्च्युअल असिस्टंट आहे. सासूबाईंना हे समजावताना मी बरेच शब्द वापरून पाहिले. ‘कारकून’ म्हटलं तर त्यांना कचेरी दिसते, ‘सेक्रेटरी’ म्हटलं तर साखर कारखान्याचा सेक्रेटरी दिसतो. शेवटी ‘चिटणीस’ चाललं. महाराजांचे बाळाजी आवजी चिटणीस त्यांना ठाऊक आहेत. मनातलं ओळखून पत्र लिहायचं, कुठलं पत्र आधी वाचून दाखवायचं ते ठरवायचं, शब्द बाहेर जाऊ द्यायचा नाही. माझं काम तेच. फक्त माझे महाराज दोन आहेत. एक ओहायोत घरांची छपरं दुरुस्त करणारा कंत्राटदार आणि दुसरी मँचेस्टरजवळ शिकवण्या घेणारी बाई.

दुपारी मुलाला जेवायला घातलं की मँचेस्टरची सकाळ सुरू होते. शिकवण्यांचं वेळापत्रक, राहिलेल्या फीची आठवण, पालकांच्या ईमेलना उत्तरं. संध्याकाळी साडेसहाला ओहायोत नऊ वाजतात. हिवाळ्यात त्यांची घड्याळं एक तास मागे जातात, मग माझे साडेसात होतात आणि स्वयंपाकाची वेळही सरकते. कंत्राटदाराची इनबॉक्स उघडायची, गळती कुणाची तातडीची आणि कुणाची नुसती कटकट हे वेगळं करायचं, माणसं कुठल्या घरी कधी जाणार ते कॅलेंडरवर मांडायचं, अंदाजपत्रकं पाठवायची, बिलं काढायची, न भरलेल्या बिलांमागे गोड भाषेत लागायचं. ओहायोत गारा पडल्या की लखनऊत माझा चहा थंड होतो. मे महिन्यात कुलर बंद करून फोनवर बोलावं लागतं, कारण पलीकडच्याला वाटतं मी विमानतळावर उभी आहे. लखनऊचा ‘पहले आप’ मला या कामात फार उपयोगी पडला. न भरलेल्या बिलाची आठवण ज्या अदबीने करायची असते ती मी इथल्या रिक्षावाल्यांकडून शिकले.

पहिली कामं एका संकेतस्थळावरून मिळाली. तिथे शंभरातले वीस कापून हातात येत. तासाला चार डॉलरवर सुरुवात केली होती. एकाने महिनाभर काम करून घेतलं आणि नाहीसा झाला. ते पैसे बुडाले ते बुडालेच. आता दोघंही थेट काम देतात, तासाला नऊ डॉलर. आजेसासूबाई पोस्टमनची वाट बघत, मनीऑर्डर आली की अंगठा उठवून पैसे घेत. मला पैसे येतात तेव्हा मोबाइल थरथरतो. पण आजेसासूबाईंच्या मनीऑर्डरवर पाठवणाऱ्याचा पत्ता असे आणि घेणारीचाही. इथूनच माझी अडचण सुरू होते.

कंत्राटदाराच्या हिशेबनिसाने मला अमेरिकी कर खात्याचा एक फॉर्म पाठवला, डब्ल्यू-८ बेन नावाचा. मी अमेरिकेची रहिवासी नाही, काम भारतात बसून करते, एवढंच त्यात लिहून द्यायचं असतं. तिसऱ्या ओळीत कायमच्या निवासाचा पत्ता मागितला होता आणि शेजारी छापलं होतं : टपालपेटीचा किंवा दुसऱ्या कुणाच्या मार्फतचा पत्ता चालणार नाही. ते वाचून मी कितीतरी वेळ नुसती बसून राहिले. आमचं सगळं आयुष्यच ‘मार्फत’ आहे! लग्नाआधी मिस्टरांना लिहिलेलं प्रत्येक पत्र ‘मार्फत ५६ एपीओ’, म्हणजे फौजेच्या टपालघरामार्फत, गेलेलं आहे.

शेवटी सासरचा पत्ता घातला. लघुउद्योगाची ‘उद्यम’ नोंदणी केली तेव्हा ‘युनिट कुठे आहे’ या रकान्यातही तोच घातला, कारण क्वार्टरचा पत्ता आज आहे, दोन वर्षांनी नाही. त्यामुळे सरकारदरबारी माझा उद्योग सातारा जिल्ह्यात, सासऱ्यांच्या गोठ्याशेजारी चालतो. तिथे म्हशी आहेत तीन. इंटरनेट गच्चीवर गेलं तर येतं. लखनऊच्या कुठल्याही आकड्यात मी नाही आणि साताऱ्याच्या आकड्यात आहे ती खोटी आहे.

क्वार्टरचा पत्ता का घातला नाही, याला दुसरंही कारण आहे. सरकारी घर राहण्यासाठी असतं, धंद्यासाठी नाही. नियम रास्त आहे. उद्या कुणी बैठकीच्या खोलीत पिठाची गिरणी टाकली तर वरच्या मजल्यावरच्यांनी काय करायचं? पण स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडणं हा त्या नियमातला धंदा आहे का, हे मला कुणी सांगू शकलेलं नाही. मी विचारलं त्यातल्या निम्म्यांनी ‘त्याला काय होतंय’ म्हटलं, बाकीच्यांनी ‘कशाला विचारता’ म्हटलं. दोन्ही उत्तरं सल्ला म्हणून ठीक आहेत. फॉर्मवर लिहिता येत नाहीत.

माझी उलाढाल वीस लाखांच्या पुष्कळ खाली, त्यामुळे जीएसटीची नोंदणी मला लागत नाही. पण शेजारच्या ब्लॉकमध्ये एक तमिळ मैत्रीण आहे, ती आणखी दोघींना हाताशी धरून देशातल्या कंपन्यांचं काम करते, आणि कंपन्या तिच्याकडे जीएसटी क्रमांक मागतात. त्या अर्जात व्यवसायाची मुख्य जागा दाखवावी लागते. जागा स्वतःची नसेल तर मालकाचं संमतीपत्र लागतं. मालक कोण? भारत सरकार. हवालदाराच्या बायकोने भारत सरकारचं संमतीपत्र कुणाच्या सहीने आणायचं? ती हसून म्हणते, राष्ट्रपती भवनालाच पत्र लिहिते. लिहिलं नाही अजून. काम मात्र दोनदा हातचं गेलं.

आता कामगार कायद्याचंही सांगते, कारण आपले सहकारी मंत्री लगेच तिकडे बोट दाखवतील. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० सालची, लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ पासून. तिच्यात ‘गिग कामगार’ आहे. मालक-नोकर या नेहमीच्या नात्याबाहेर राहून कमावणारा माणूस, अशी त्याची व्याख्या आहे. म्हणजे मी त्यात बसते. पण कल्याण निधीचा पैसा यायचा तो ॲग्रिगेटर, म्हणजे ॲपवरून काम जुळवून देणाऱ्या, कंपन्यांच्या उलाढालीतून, शेकडा एक ते दोन. ओहायोतला छपरांचा माणूस ॲग्रिगेटर नाही. त्याला तो शब्द मी नुसता उच्चारून दाखवला तरी तो फोन ठेवेल. नीती आयोगाच्या २०२२च्या अहवालाने २०२०-२१ साली देशात ७७ लाख गिग कामगार असल्याचा अंदाज दिला होता आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील असं म्हटलं होतं. त्यात पाठीवर खोकं घेऊन फिरणारी पोरं डोळ्यांपुढे येतात, आणि आधी त्यांचंच बघायला हवं. आमच्यासारख्या घरात बसून रात्रीचं काम करणाऱ्या त्या आकड्यात आहेत की नाहीत, हा प्रश्न मी बाजूला ठेवते. माझा प्रश्न फौजेचा आहे आणि उत्तरही फौजेजवळच आहे.

कारण फिरत्या माणसाला पत्ता कसा द्यायचा, हे या देशात सगळ्यात आधी आणि सगळ्यात चांगलं फौजेला जमलं. ५६ एपीओ आणि ९९ एपीओ. युनिट सियाचेनच्या पायथ्याला असो की अरुणाचलमध्ये, पाकिटावर लिहायचं तेवढंच. पत्र बरोबर पोहोचतं, आणि युनिट कुठे आहे हे पोस्टमनलाही कळत नाही. पुढे १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला. तो ज्यांनी आखला ते श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्या कोकणातले, संस्कृतचे कवी. त्यांनी देशाचे नऊ विभाग केले. आठ विभागांना भूगोल आहे, अमुक राज्य, तमुक राज्य. नववा फौजेचा. त्याला जमीन नाही. ९ आकड्याने सुरू होणारा पिन नकाशावर कुठेच दाखवता येत नाही, तरीही तो देशातला एक पक्का पत्ता आहे. मला या कल्पनेचं फार कौतुक वाटतं. कवीलाच सुचावी अशी आहे.

मी मागते आहे ती या नवव्या विभागातली एक खोली.

दुसरा आधार आपल्याच घरात आहे. फौजेत लग्न झालं तरी पार्ट-टू ऑर्डर निघेपर्यंत बायको कागदावर नसते. मूल झालं, पार्ट-टू ऑर्डर. मुलाच्या नावातलं एक अक्षर बदललं, पार्ट-टू ऑर्डर. मग ते रेकॉर्ड ऑफिसला पोहोचतं आणि कायमचं राहतं, माणूस कुठेही जावो. वैद्यकीय कोअरचं रेकॉर्ड ऑफिस याच छावणीत आहे. माझं लग्न, माझ्या मुलाचा जन्म, दोन्ही तिथल्या कागदांत नोंदलेलं आहे. त्याच पानावर आणखी एक ओळ लिहायची : पत्नी स्वतंत्र व्यवसाय करते, व्यवसायाचा पत्ता मार्फत अभिलेख कार्यालय. उद्यम, जीएसटी आणि बँका यांनी तो पत्ता मानायचा. जमणार नसेल तर गावाकडचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय घ्या. पेन्शनीत गेलेल्यांची, वीरपत्नींची कामं तिथे होतातच. एवढ्यासाठी नवा कायदा लागेल असं मला वाटत नाही. आपल्या मंत्रालयाने अर्थ मंत्रालयाशी आणि लघुउद्योग मंत्रालयाशी एकदा बसून बोलायचं काम आहे. आपण तिघंही दिल्लीत जवळजवळच बसता.

आता जे बोलायला कुणी तयार नसतं ते. परक्या देशातल्या अनोळखी माणसाचं काम, रोज ऑनलाइन, आणि तेही छावणीत राहून. आपल्याला हे वाचताना पहिल्यांदा हेच खटकलं असेल आणि खटकायलाच हवं. जुलै २०२० मध्ये सेनेने जवानांना ८९ ॲप मोबाइलमधून काढायला सांगितले तेव्हा मिस्टरांनी माझाही मोबाइल तपासला होता. मी माझे नियम स्वतःच घातले आहेत. कॅमेऱ्यामागे कोरी भिंत, खिडकी कधीच नाही. संध्याकाळी बिगुल वाजायच्या वेळेला कॉल घेत नाही. नवरा काय करतो याचं उत्तर ‘दवाखान्यात नोकरी’, त्यापुढे विषय बदलायचा. घरातल्या वायफायवर मिस्टरांचा फोन आणि माझा लॅपटॉप वेगळे. नवं काम घ्यायच्या आधी कंपनी खरी आहे का ते बघायचं. ब्रिटनच्या कंपन्यांची नोंदवही कंपनीज हाउसच्या साइटवर फुकट बघता येते, अमेरिकेत ज्या त्या राज्याची असते. छपरांच्या कंत्राटदाराचं नाव मी पहिला ईमेल लिहायच्या आधीच तिथे शोधलं होतं.

तरी एकदा गाठ पडलीच. एका नव्या ‘ग्राहका’ने नेहमीच्या दुप्पट दर देऊ केला. काम सोपं होतं, कागद टाइप करायचे. दुसऱ्याच दिवशी तो मी कुठल्या शहरात राहते ते विचारायला लागला, तिसऱ्या दिवशी नवऱ्याचा दवाखाना सरकारी की खासगी. मी संभाषण तिथेच बंद केलं, मिस्टरांना सांगितलं, त्यांनी जिथे सांगायचं तिथे सांगितलं. सगळं रीतसर झालं. पण नंतर ओळखीतल्या एका जाणत्या गृहस्थांनी मला जो सल्ला दिला तो असा : वहिनी, सोडूनच द्या ना हे काम.

सोडलं असतं. मग पुढच्या महिन्यात माझ्यासारखी दुसरी एखादी, जिने कुणालाच सांगितलेलं नाही, तिच्याकडे तोच माणूस गेला असता. साहेब, छावणीत हे काम करणाऱ्या बायका आजही आहेत. कुणी इंग्रजी कॅप्शन लिहितं, कुणी रेकॉर्डिंग ऐकून टाइप करतं, कुणी लोकांची कॅलेंडरं सांभाळतं. बहुतेक जणी गुपचूप करतात, कारण विचारलं तर ‘नाही’ येईल अशी भीती आहे. लपून काम करणारी बाई कुणी आडवंतिडवं विचारलं तर तक्रार करायला जात नाही, हे आपल्याला मी सांगायला नको. नोंद झाली तर आम्ही दिसू, आणि दिसलो तर आमच्यावर नजरही ठेवता येईल आणि आम्हाला शहाणंही करता येईल. मला नियमांची भीती वाटत नाही. नियम नसल्याची वाटते. एका पानाची सूचना काढा, हिंदीत, मराठीत, तमिळमध्ये, पंजाबीत : हे काम चालेल, हे चालणार नाही, अशा माणसाशी बोलू नका, असं झालं तर इथे सांगा आणि सांगणारीवर कुणी बोट उगारणार नाही. ते शेवटचं वाक्य ठळक छापा.

पत्नी कल्याण संघटनेबद्दलही लिहायचं होतं. ‘आवा’ १९६६ पासून आहे, तिच्या शिलाईच्या वर्गांनी कितीतरी जणींचा हात चालता झाला आणि मी स्वतः तिथे ब्लाउज शिवायला शिकले (माझा ब्लाउज अजूनही खांद्यात चुकतो, तो दोष वर्गाचा नाही). त्या मशीनच्या खोलीत एका भिंतीला चार टेबलं, इन्व्हर्टर आणि चांगली इंटरनेटची लाइन मिळाली तर बरं होईल. जूनमध्ये वीज गेली की मी लॅपटॉप उचलून मैत्रिणीकडे धावते आणि तिची गेली की ती माझ्याकडे. एकदा आम्ही दोघी जिन्यात समोरासमोर भेटलो. याहून जास्त मागत नाही.

लखनऊने मराठी माणसाच्या कामाला पत्ता दिला नाही असं कुणी म्हणणार नाही. १९२६ साली भातखंडे इथे संगीत शिकवायचं कॉलेज काढून गेले, आज त्यांच्या नावाचं विद्यापीठ आहे. माझ्या कामाला पाटी नको. माझ्या कार्डावर ‘डिपेंडंट’ लिहिलेलं आहे त्याचंही मला दुःख नाही, दवाखान्यात तेच कार्ड उपयोगी पडतं. फक्त गेल्या वर्षी मुलाच्या शाळेच्या फॉर्मवर आईचा व्यवसाय लिहायचा होता. मी पेन हातात धरून होते आणि मुलाने पुढे होऊन सांगितलं, गृहिणी लिही, नाहीतर ते ऑफिसचा पत्ता मागतील. नऊ वर्षांचा आहे तो.

मिस्टरांची बदलीची ऑर्डर आली आहे. यावेळी फील्ड, बरोबर जाता येणार नाही. पेटी काल अंगणात काढली, लखनऊवर काळा हात मारून झाला, रंग अजून ओला आहे. मी आणि मुलगा इथे किती दिवस राहू, कुठल्या क्वार्टरमध्ये राहू, ते ठरायचं आहे. ओहायोच्या माणसाला मी काही सांगितलेलं नाही. त्याच्या लेखी काहीच बदललेलं नाही, आणि खरंच काही बदललेलंही नाही.

या पत्राला उत्तर द्यावंसं वाटलं तर पाकिटावर मिस्टरांचं नाव लिहा. मार्फत ५६ एपीओ. पोहोचेल.

आपली,
एका हवालदाराची बायको आणि दोघांची चिटणीस
लखनऊ छावणी, तूर्तास